फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन : धातूच्या नॅनोकणांपुढील दोन वाटा

नवी दिल्ली : राजधानीतील कर्तव्यपथावर २५ सप्टेंबर २०२३ रोजी हरित हायड्रोजनवर चालणाऱ्या देशातील पहिल्या इंधनघट बसला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्रात सौर विजेच्या साहाय्याने पाण्यापासून वेगळा केलेला हायड्रोजन या बसमध्ये भरला जातो. बसच्या चार टाक्यांची एकत्रित क्षमता ३० किलो आहे, तेवढ्या इंधनावर ती सुमारे ३५० किलोमीटर धावू शकते आणि टाक्या भरण्यास दहा ते बारा मिनिटे लागतात. इंधनघट म्हणजे हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करणारे उपकरण. त्यातून बाहेर पडते ते केवळ पाणी. दर हिवाळ्यात धुरक्याने कोंडणाऱ्या दिल्लीसाठी ही बाब लहान नाही.

तथापि, हायड्रोजन तयार करणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. तयार झालेला हायड्रोजन साठवणे, वाहून नेणे आणि दाट वस्तीत सुरक्षितपणे वापरणे हा उरलेला भाग पहिल्याइतकाच अवघड आहे. त्यावरचा एक उपाय म्हणून जगभरातील रसायनशास्त्रज्ञ एका जुन्या, परिचित द्रवाकडे पाहत आहेत. तो द्रव म्हणजे फॉर्मिक आम्ल. या आम्लात बांधलेला हायड्रोजन हवा तेव्हा मोकळा करण्याचे काम धातूचे अतिसूक्ष्म कण करतात. हे कण कसे काम करतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि राजधानी परिसरासारख्या प्रदेशाला त्यांचा कितपत उपयोग होईल, हे समजून घेण्याजोगे आहे.

साठवणुकीची अडचण

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू आहे. वजनाच्या हिशेबाने त्याच्याइतकी ऊर्जा दुसऱ्या कोणत्याही रासायनिक इंधनात नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. परंतु सामान्य तापमानाला व दाबाला हा एक किलो वायू सुमारे १२,००० लिटर जागा व्यापतो. त्यामुळे तो एक तर प्रचंड दाबाखाली कोंडावा लागतो किंवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. बसगाड्यांच्या टाक्यांत साधारणपणे ३५० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ३५० पट, तर मोटारींच्या टाक्यांत ७०० बार दाब वापरला जातो. अशा टाक्यांना कार्बन तंतूंचे मजबूत वेष्टन लागते. वायू दाबण्यासाठी स्वतंत्र वीज खर्ची पडते आणि भरणा केंद्राची उभारणीही महाग होते. शिवाय हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर ते मिश्रण पेट घेऊ शकते. बंदिस्त जागेतील गळती म्हणूनच धोकादायक ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये आहे. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभी करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. एवढा वायू कारखान्यापासून ग्राहकापर्यंत कोणत्या रूपात पोहोचवायचा, हा प्रश्न त्यामुळे अपरिहार्य ठरतो. अमोनिया, मिथेनॉल, काही सेंद्रिय तेले आणि फॉर्मिक आम्ल या द्रव वाहकांचा विचार होतो तो याच संदर्भात.

मुंगीच्या नावाचे आम्ल

आंब्याच्या झाडावर पाने जोडून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या चावल्यानंतर जी आग होते, तिच्यामागे हेच आम्ल असते. लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. आम्लाचे नाव त्यावरूनच पडले. इंग्लंडमधील निसर्गअभ्यासक जॉन रे यांनी सतराव्या शतकात, १६७१ च्या सुमारास, मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून हे आम्ल मिळवल्याची नोंद आहे. आज ते कारखान्यांत तयार होते. गुजरातमधील भरूच येथील जीएनएफसी ही त्याचे उत्पादन करणारी भारतीय कंपनी आहे. केरळातील रबरमळ्यांत चीक गोठवण्यासाठी आणि कातडी कमावण्याच्या उद्योगात त्याचा नित्य वापर होतो.

फॉर्मिक आम्लाचा रेणू अगदी लहान आहे : एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. त्याच्या वजनाच्या सुमारे ४.४ टक्के भाग हायड्रोजनचा असतो. एक लिटर आम्लात ५३ ग्रॅम हायड्रोजन सामावलेला असतो. तुलनेसाठी, ३५० बार दाबाखालील एक लिटर हायड्रोजन वायूचे वजन सुमारे २४ ग्रॅम आणि ७०० बार दाबाखाली सुमारे ४० ग्रॅम भरते. म्हणजे साध्या टाकीतील हे आम्ल, जागेच्या हिशेबाने, अतिदाबाच्या टाकीपेक्षा अधिक हायड्रोजन सामावून घेते.

कर्तव्यपथावरील बसचाच हिशेब घेतल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. तिच्या ३० किलो हायड्रोजनसाठी ३५० बार दाबाच्या टाक्यांत सुमारे साडेबाराशे लिटर जागा लागते. तेवढाच हायड्रोजन फॉर्मिक आम्लातून मिळवायचा झाल्यास सुमारे ५६० लिटर आम्ल पुरते. मात्र त्या आम्लाचे वजन ६८५ किलोच्या घरात जाते. जागेची बचत होते. ओझे मात्र हलके होत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत या आम्लाच्या बाजूने काही गोष्टी आहेत. ते सामान्य तापमानाला द्रवरूप असते, सुमारे १०१ अंशांना उकळते आणि त्याची वाफ पेट घेण्यासाठी ते सुमारे ६९ अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेते. असे असले तरी हे आम्ल निरुपद्रवी नव्हे. तीव्र स्वरूपात ते त्वचा भाजते, त्याच्या वाफेने डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात आणि साध्या लोखंडी टाकीला ते गंजवते. त्याची हाताळणी प्रशिक्षित हातांनीच व्हायला हवी.

एका रेणूपुढे दोन वाटा

फॉर्मिक आम्लाचे विघटन दोन प्रकारे होऊ शकते. पहिल्या वाटेने गेल्यास हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड हाती येतो. ऊष्मागतिकीच्या नियमांनुसार सामान्य तापमानाला दोन्ही वाटा खुल्या आहेत. रेणू कोणत्या वाटेने जाईल हे बहुतांशी उत्प्रेरकावर ठरते.

दुसरी वाट केवळ वाया जाणारी नाही, ती घातक आहे. कार्बन मोनॉक्साइड माणसासाठी विषारी आहेच. इंधनघटासाठीही तो विषच आहे. इंधनघटातील प्लॅटिनमवर तो घट्ट चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच उरू देत नाही. म्हणूनच वाहनांतील इंधनघटांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हायड्रोजनमधील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाख भागांत ०.२ भाग इतकी कडक आहे. म्हणजे सुमारे पन्नास लाख रेणूंमागे एकच रेणू चालू शकतो.

त्यामुळे या क्षेत्रात चांगला उत्प्रेरक म्हणजे केवळ वेगवान उत्प्रेरक नव्हे. पन्नास लाखांपैकी जवळजवळ प्रत्येक रेणूला योग्य वाटेवर नेणारा उत्प्रेरक हवा असतो, आणि तेही शंभर अंशांपेक्षा कमी तापमानात. तापमान वाढवून वेग मिळवता येतो, पण त्याबरोबर दुसऱ्या वाटेकडे वळणाऱ्या रेणूंची संख्याही वाढू शकते.

दिल्लीच्या रस्त्यांवरील उत्प्रेरक

धातूचे सूक्ष्मकण उत्प्रेरक म्हणून वापरण्याची कल्पना राजधानीला अपरिचित नाही. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक बंधनकारक करण्यात आला. धुराच्या नळीत बसवलेल्या या उपकरणातील जाळीदार विटेवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. इंजिनातून येणाऱ्या विषारी वायूंचे ते कमी घातक वायूंत रूपांतर करतात आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. दोन पक्षांची गाठ घालून देऊन स्वतः बाजूला राहणाऱ्या मध्यस्थासारखे त्यांचे काम असते. फॉर्मिक आम्लासाठी वापरले जाणारे कण याच कुळातील आहेत. पॅलॅडियम तर दोन्हीकडे प्रमुख भूमिकेत आहे.

हे कण इतके लहान का असावे लागतात, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. रासायनिक क्रिया धातूच्या पृष्ठभागावर घडते. आतील अणूंना तिच्यात थेट वाटा नसतो. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे पाच नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग सुमारे १,२०० चौरस मीटर होतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. धातू तेवढाच राहतो आणि कामाला लागणारे अणू मात्र लाखो पटींनी वाढतात. धातू पॅलॅडियमसारखा महाग असेल, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो.

आकाराबरोबर स्वभावही बदलतो. कणाच्या सपाट पृष्ठावरील अणू आणि कडेचे वा कोपऱ्यातील अणू यांचे वर्तन सारखे नसते. कोपऱ्यातील अणूंना शेजारी कमी असल्याने ते येणाऱ्या रेणूला वेगळ्या प्रकारे धरतात. त्यामुळे कणाचा आकार, घडण आणि त्याला आधार देणारा पदार्थ या तिन्ही गोष्टी रेणूची वाट ठरवण्यात भाग घेतात.

धरणे आणि सोडणे

फॉर्मिक आम्लाच्या विघटनाचा अभ्यास उत्प्रेरणशास्त्राइतकाच जुना आहे. १९१२ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरवले गेलेले फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी विविध धातू व ऑक्साइडांवर हे आम्ल कसे विघटित होते याचा अभ्यास केला होता. उत्प्रेरकाने रेणूला फार सैल धरू नये आणि फार घट्टही धरू नये, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आहे. सैल धरल्यास क्रिया सुरूच होत नाही. घट्ट धरल्यास तयार झालेला पदार्थ पृष्ठभाग सोडत नाही.

१९६० मध्ये नेदरलँड्समधील झाख्टलर व फारेनफोर्ट यांनी या तत्त्वाला आकड्यांचा आधार दिला. फॉर्मिक आम्लाशी प्रत्येक धातूचा बंध किती मजबूत आहे आणि त्या धातूवर क्रिया किती वेगाने होते, याची त्यांनी आलेखावर सांगड घातली. आलेखाला ज्वालामुखी पर्वताचा आकार आला. एका उतारावर सैल धरणारे सोने व चांदी, दुसऱ्या उतारावर घट्ट धरणारे लोह व टंगस्टन आणि शिखराजवळ प्लॅटिनमच्या कुळातील धातू, अशी ती मांडणी होती. पॅलॅडियम आजही या क्षेत्रात अग्रभागी आहे, त्याचे कारण तेथे दिसते.

रेणूच्या पातळीवर घडते ते असे. आम्लातील एक हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो. तो तुलनेने सहज सुटतो. उरलेला भाग, ज्याला फॉर्मेट म्हणतात, आपल्या ऑक्सिजन अणूंच्या आधारे धातूवर बसतो. आता कार्बनला जोडलेला दुसरा हायड्रोजन सुटला, तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धातूवर राहिलेले दोन हायड्रोजन अणू एकत्र येऊन वायू बनतो. त्याऐवजी कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तुटला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उत्प्रेरकाची सारी कारागिरी पहिला बंध सुलभपणे तोडण्यात आणि दुसऱ्याला हात न लावण्यात आहे.

प्रयोगशाळांतील वाटचाल

२००८ मध्ये जर्मनीतील रोस्टॉक येथील मथियास बेलर आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गाबोर लॉरेन्झी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, द्रावणात विरघळलेल्या रुथेनियम संयुगांच्या साहाय्याने सौम्य तापमानाला फॉर्मिक आम्लातून जवळजवळ शुद्ध रूपात हायड्रोजन काढता येतो. या शोधाने जुन्या आम्लाकडे नव्याने लक्ष वेधले गेले. मात्र द्रावणात विरघळलेला उत्प्रेरक क्रियेनंतर परत मिळवणे सोपे नसते. घन आधारावर बसवलेले नॅनोकण गाळून घेता येतात, पुन्हा वापरता येतात आणि सतत वाहत्या आम्लाच्या नळीत कायमचे बसवता येतात. म्हणून संशोधनाचा दुसरा प्रवाह त्यांच्याकडे वळला.

२०११ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील एडमन त्सांग यांच्या गटाने चांदीचा गाभा आणि त्याभोवती पॅलॅडियमचे अत्यंत पातळ कवच असलेले नॅनोकण तयार केले. त्यांच्या साहाय्याने सामान्य तापमानाला फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन मिळाला. एकट्या चांदीवर ही क्रिया जवळजवळ होत नाही. तरीही गाभ्यातील चांदी कवचातील पॅलॅडियमकडे इलेक्ट्रॉन सरकवते आणि त्याची फॉर्मेट धरण्याची रीत बदलते. दोन धातूंच्या सहवासातून एकट्याला न साधणारे काम साधले जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर सोने-पॅलॅडियमसारख्या जोड्या, नायट्रोजनयुक्त कार्बनचे आधार आणि अमाइन गट जोडलेले सच्छिद्र पदार्थ यांवर मोठ्या प्रमाणावर काम झाले. अमाइन गट हा सौम्य अल्कधर्मी असल्याने आम्लातील पहिला हायड्रोजन सोडवण्यास मदत करतो.

भारतातही या विषयावर काम चालू आहे. इंदूर येथील आयआयटीत प्रा. संजय कुमार सिंग यांचा गट रुथेनियमवर आधारित उत्प्रेरकांद्वारे फॉर्मिक आम्ल, मिथेनॉल यांसारख्या द्रवांतून हायड्रोजन मिळवण्यावर संशोधन करतो. सिंग यांनी जपानमध्ये असताना च्यांग शू यांच्यासमवेत ऱ्होडियम-निकेल नॅनोकणांच्या साहाय्याने हायड्रॅझीन या द्रवातून सामान्य तापमानाला हायड्रोजन मिळवल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. इंधनघटाच्या बाजूने पाहिले, तर पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी व सीएसआयआर यांनी विकसित केलेली स्वदेशी हायड्रोजन बस सादर झाली. हायड्रोजन वापरणारे उपकरण आणि हायड्रोजन मोकळा करणारा उत्प्रेरक या साखळीच्या दोन्ही कड्यांवर देशात अनुभव जमा होत आहे.

प्रयोगशाळेबाहेर हे तंत्र अगदीच आलेले नाही असे नव्हे. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ मध्ये बसला जोडता येईल असा फॉर्मिक आम्लावर चालणारा वीजनिर्मिती संच सादर केला. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील संशोधकांनी एका कंपनीच्या सहकार्याने ८०० वॅट क्षमतेचा संच उभारला. हे आकडे लहान आहेत, पण आम्लापासून थेट विजेपर्यंतची साखळी जुळते हे त्यांनी दाखवून दिले.

कण थकतात तेव्हा

काचेच्या चंबूत काही तास उत्तम चालणारा उत्प्रेरक कारखान्यात हजारो तास टिकेलच असे नाही. नॅनोकणांची पृष्ठऊर्जा मोठी असल्याने ते एकमेकांना चिकटून मोठे होऊ पाहतात. कण मोठे झाले की पृष्ठभाग घटतो आणि वेग मंदावतो. आम्लात धातूचा काही अंश विरघळून वाहूनही जातो. अल्प प्रमाणात तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड पॅलॅडियमवरच ठाण मांडतो आणि उत्प्रेरक आपल्याच उत्पादनाने निकामी होऊ लागतो. कणांना कार्बनच्या वा सिलिकाच्या छिद्रांत अडकवून ठेवणे, हा त्यावरचा एक उपाय आहे.

दुसरी अडचण वायूच्या मिश्रणाची आहे. या क्रियेतून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड समसमान आकारमानात बाहेर पडतात. वजनाच्या हिशेबाने हे प्रमाण डोळ्यांत भरणारे आहे : एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २३ किलो आम्ल लागते आणि त्यातून सुमारे २२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे मिश्रण तसेच इंधनघटात सोडता येते, परंतु कार्यक्षमता घटते. वेगळे करायचे तर आणखी एक यंत्रणा व आणखी ऊर्जा लागते.

आम्ल येते कोठून

येथे दुसरी निवड समोर येते आणि ती कोणत्याही धातूच्या कणाच्या हाती नाही. आज फॉर्मिक आम्ल मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड व मिथेनॉल यांच्या संयोगातून बनणाऱ्या मिथाइल फॉर्मेटचे जलअपघटन करून मिळवले जाते. हा कार्बन मोनॉक्साइड सहसा नैसर्गिक वायू, खनिज तेल किंवा कोळसा यांपासून येतो. अशा आम्लातून काढलेला हायड्रोजन नळीच्या टोकाशी स्वच्छ दिसला, तरी त्याचा कार्बन जमिनीखालून आलेला असतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये निश्चित केलेल्या मानकानुसार, एका किलो हायड्रोजनमागे उत्सर्जन दोन किलो कार्बन डायऑक्साइडइतके किंवा त्याहून कमी असेल, तरच त्याला ‘हरित’ म्हणता येते. खनिज इंधनापासून बनवलेल्या आम्लातून एका किलोमागे बाहेर पडणारे २२ किलो या मर्यादेच्या अकरा पट भरतात.

या कोंडीतून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, कारखान्यांतून किंवा हवेतून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर नवीकरणीय विजेच्या वा हरित हायड्रोजनच्या साहाय्याने प्रक्रिया करून आम्ल बनवणे. कथील व बिस्मथ यांवर आधारित विद्युत-उत्प्रेरक या कामी उपयुक्त ठरले आहेत. तसे झाल्यास जो कार्बन बाहेर पडतो तोच पुन्हा आम्लात बांधता येतो आणि चक्र पूर्ण होते.

दुसरा मार्ग राजधानीच्या दाराशी आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथील पीटर वासरशाइड यांच्या गटाने व्हॅनेडियमयुक्त उत्प्रेरकांच्या साहाय्याने लाकूड-काडीसारख्या जैविक पदार्थांचे पाण्यात ऑक्सिडीकरण करून फॉर्मिक आम्ल मिळवण्याची पद्धत विकसित केली आहे. भाताचे काड हा अशाच जातीचा पदार्थ आहे, आणि पंजाब-हरियाणातील शेतांत जळणारे हेच काड दिल्लीच्या हवेच्या चर्चेच्या केंद्रस्थानी असते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे दोन लाख टन काडापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल मिळवण्याची त्याची योजना आहे. काड गोळा करणे, गाठी बांधणे व साठवणे यांची व्यवस्था त्यानिमित्ताने उभी राहत आहे. काडापासून आम्ल बनवण्याचा विचार कधी झाल्यास कच्च्या मालाची ही वाट उपयोगी पडेल. मात्र तेच काड इथेनॉललाही हवे असल्याने दोघांत स्पर्धाही होईल.

जींदचा हिशेब आणि जनरेटरचा प्रश्न

हे तंत्र कोणत्या कामाला योग्य आहे, हे ठरवण्यासाठी राजधानी क्षेत्रातीलच जींदचे उदाहरण घेता येते. जींद-सोनिपत मार्गावरील हायड्रोजन रेल्वेगाडीसाठी तेथे एक मेगावॉट क्षमतेचा विद्युत अपघटन संच योजण्यात आला असून त्याची क्षमता दिवसाला सुमारे ४३० किलो हायड्रोजन तयार करण्याची आहे. एवढा हायड्रोजन फॉर्मिक आम्लातून मिळवायचा, तर दररोज जवळजवळ दहा टन आम्ल लागेल आणि नऊ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सांभाळावा लागेल. वायू जेथे तयार होतो तेथेच मोठ्या प्रमाणावर वापरला जाणार असेल, तर मध्ये आम्लाचा टप्पा आणण्यात अर्थ नाही.

त्याची जागा लहान, विखुरलेल्या आणि अधूनमधून लागणाऱ्या विजेच्या गरजेत शोधावी लागेल. राजधानी क्षेत्रातील रुग्णालये, गृहसंकुले, मोबाइल मनोरे आणि कार्यालये वीज खंडित झाल्यावर डिझेल जनरेटरवर अवलंबून राहत आली आहेत. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून या क्षेत्रात जनरेटरसाठी उत्सर्जन नियंत्रक उपकरण किंवा वायू-डिझेल मिश्र इंधनाची सोय अशा अटी लागू झाल्या. महिनोन्‌महिने साध्या टाकीत पडून राहणारे आणि हवे तेव्हा वीज देणारे द्रव इंधन येथे उपयोगी ठरू शकते.

तुलना मात्र दोन्ही बाजूंनी करायला हवी. इंधनघटाची कार्यक्षमता निम्मी धरल्यास एक किलो हायड्रोजनमधून सुमारे १६ युनिट वीज मिळते. म्हणजे एक लिटर फॉर्मिक आम्लातून एक युनिटपेक्षाही थोडी कमी. एक लिटर डिझेल जनरेटरमध्ये तीन ते साडेतीन युनिट वीज देते. आम्लाच्या बाजूने काजळी नाही, सूक्ष्म धूलिकण नाहीत, जनरेटरचा खडखडाट नाही. परंतु एका युनिटमागे त्यातून सुमारे १.३ ते १.४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. डिझेलमधून सुमारे ०.८ किलो. म्हणजे आम्ल खनिज इंधनापासून बनवलेले असेल, तर गल्लीतील हवा सुधारेल आणि हवामानावरील भार मात्र डिझेलपेक्षा वाढेल. कार्बन पकडून आणलेला किंवा शेतातून आलेला असेल, तरच हा सौदा परवडणारा आहे.

धातूचा पुरवठा

पॅलॅडियमचे जागतिक उत्पादन मुख्यत्वे रशिया व दक्षिण आफ्रिका या दोन देशांत एकवटलेले आहे आणि भारताची गरज बहुतांशी आयातीवर भागते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या सुरुवातीस त्याचा भाव एका औंसाला तीन हजार डॉलरच्या पलीकडे गेला होता. अशा धातूवर उभे राहणारे कोणतेही तंत्र भावाच्या चढउतारांना सामोरे जाणारच.

जुन्या वाहनांत मात्र हा धातू शहरातच साठलेला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोएडा येथे मारुती सुझुकी व टोयोटा त्सुशो समूहाच्या भागीदारीत वाहने शास्त्रीय पद्धतीने मोडीत काढणारे केंद्र सुरू झाले. जुन्या मोटारींच्या उत्प्रेरकी परिवर्तकांतून मौल्यवान धातू परत मिळवणे हा जगभर रूढ असलेला उद्योग आहे. १९९५ पासून दिल्लीच्या रस्त्यांवर आलेल्या परिवर्तकांतील धातूला दुसरा जन्म देण्याची ही संधी आहे. दुसरीकडे, स्वस्त धातूंचाही शोध चालू आहे. बेलर यांच्या गटाने २०११ मध्ये लोहावर आधारित, द्रावणात विरघळणाऱ्या उत्प्रेरकाने फॉर्मिक आम्लातून हायड्रोजन मिळवून दाखवला. घन नॅनोकणांच्या बाबतीत मात्र पॅलॅडियमची बरोबरी करणे अद्याप कठीण आहे.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात संशोधन व विकासासाठी ४०० कोटी रुपयांची तरतूद आहे. नव्या उत्प्रेरकांच्या बातम्या त्यामुळे यापुढेही येत राहतील. त्या वाचताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. निघालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड किती होता? उत्प्रेरक किती तास न थकता चालला? आणि आम्लातील कार्बन आला कोठून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पॅलॅडियमच्या काही नॅनोमीटर आकाराच्या कणाने द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर कारखाने, शेते आणि धोरणकर्ते यांनी द्यायचे आहे, आणि ते समाधानकारक नसेल, तर पहिल्या दोन उत्तरांचा दिल्लीच्या हवेला लाभ झाला, तरी हवामानाला होणार नाही.